मधल्या बोटातला कार्बाइड बुश

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा कटर लावला आणि तिसऱ्यांदा तो घसरला. त्यांनी पातं उजेडात धरून पाहिलं. दाते सपाट झाले होते.

"हे नक्की कशाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"टंगस्टन कार्बाइड," मी म्हणालो. "हिऱ्याच्या खालोखाल कडक समजा. साधा कटर त्याच्यावर चालणार नाही. आमच्याच टूलरूममध्ये बनलंय."

शेवटच्या वाक्यात थोडा अभिमान आला असावा. कारण माझी बायको स्मिता माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तशी नजर मी अठरा वर्षांच्या नोकरीत एकाही कस्टमरची पाहिली नव्हती. आणि कस्टमर मी फार वाईट वाईट पाहिलेत.

पलंगावर माझी पाच वर्षांची मुलगी ओवी बसली होती. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट सुजून वांग्याच्या रंगाचं झालं होतं. बोटाच्या मुळाशी ती कडी. चकचकीत, गोल, आरशासारखी. कडीला काहीही झालं नव्हतं.

मी चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमचा इनचार्ज आहे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट ज्या साच्यांवर निघतात, ते साचे आम्ही बनवतो आणि दुरुस्त करतो. त्या साच्यात वर-खाली होणारा भाग सरळ रेषेत राहावा म्हणून एक जाड कडी बसवतात. तिला बुश म्हणतात. एक बुश दोन मायक्रॉननं मोठा निघाला म्हणून मीच रिजेक्ट केला होता. दोन मायक्रॉन डोळ्याला दिसत नाहीत. पॉलिश मात्र दिसत होतं. भंगारात टाकवेना, म्हणून खिशात घालून घरी आणला आणि टेबलावर कागद दाबायला ठेवला. एक दिवस ओवीनं तो बोटात घातला आणि जाहीर केलं की ही तिची अंगठी. सैल होती. सहज निघायची. मला कौतुकच वाटलं.

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या आठवड्यात शुक्रवारी पंधरा ऑगस्ट आला होता. शनिवारची रजा टाकली. गुरुवारी सकाळी सातला रहाटणीहून निघालो. मी, स्मिता, ओवी आणि माझी आई. जुन्नरजवळ एका शेतावर तीन दिवसांचं बुकिंग होतं. राजगुरुनगरच्या अलीकडे चहाला थांबलो. चहा झाला, सगळे गाडीत बसले, मी मागचा दरवाजा लावला.

ओवीचा हात दरवाजाच्या फटीत होता.

तो आवाज मी इथं सांगणार नाही. दरवाजा उघडला तेव्हा ती रडत नव्हती, नुसतं तोंड उघडून माझ्याकडे बघत होती. मग रडली. दहा मिनिटांत आम्ही हायवेवरच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये होतो, आणि तेवढ्या वेळात बोट सुजून बुशमध्ये घट्ट बसलं होतं. आमच्या भाषेत याला प्रेस फिट म्हणतात. मी हे तिथं बोललो नाही, एवढं शहाणपण होतं.

डॉक्टर तरुण होत्या आणि शांत होत्या. आधी जेली लावून पाहिली. मग बोटाला दोरा घट्ट गुंडाळून कडी सरकवायचा प्रयत्न केला. ओवी किंचाळली, तेव्हा थांबल्या. मग बोट सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि अंगठ्या कापायचा कटर काढला. त्याचं काय झालं ते सांगितलंच.

"तेल लाव की रे आधी," आई कोपऱ्यातून म्हणाली. आई लातूरकडची. तिच्या मते तेलानं न सुटणारी गोष्ट जगात नाही.

"आजी, जेली लावलीय," डॉक्टर म्हणाल्या.

"जेली अन् तेल एक का? अन् लेकराच्या बोटात कंपनीचं लोखंड कोण घालून देतं म्हणते मी."

"लोखंड नाही आई, कार्बाइड," मी म्हणालो.

"तू गप बस," आई आणि स्मिता एकदम म्हणाल्या. लग्नाला बारा वर्षं झाली. दोघींचं एकमत मी पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरांनी ओवीच्या बोटाचं टोक दाबलं आणि सोडलं. पांढरं पडलेलं टोक परत लाल व्हायला वेळ लागत होता. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आत्ता रक्त पोचतंय. सूज वाढली की पोचणार नाही. माझ्याकडे तास-दीड तास आहे असं धरा. नाहीतर मी पुण्याला रेफर करते. तिथं हिऱ्याची डिस्क असेल."

"सुट्टीच्या ट्रॅफिकमध्ये पुण्याला पोचायलाच दोन तास जातील," मी म्हणालो. "हिऱ्याचं व्हील माझ्याकडे आहे. कंपनीत. इथून अर्ध्या तासावर."

"मुलीला मी कारखान्यात पाठवणार नाही."

"मग माणूस इकडे बोलावतो."

माणूस म्हणजे इक्बालभाई. काळेवाडीत राहतात, पंचावन्नच्या पुढचे, आमच्या टूलरूमचे सगळ्यात जुने ग्राइंडर, म्हणजे घासकामाचे कारागीर. सुट्टीच्या दिवशी कंपनीत मेंटेनन्स चालतो, त्यामुळे ते ओव्हरटाइमला आलेले असणार हे मला ठाऊक होतं. पण कंपनीतलं टूल बाहेर न्यायचं तर प्लान्ट हेडना सांगायला हवं. म्हणून आधी देशमुख साहेबांना फोन लावला.

"साहेब, अर्जंट आहे. कार्बाइड बुश जॅम झालाय."

"कुठल्या लाइनला?" ते सावध झाले. "कस्टमरला कळलंय का?"

"कस्टमर समोरच बसलाय साहेब. रडतोय."

"कोण कस्टमर?"

"माझी मुलगी."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मुलीचं वय विचारलं. मग म्हणाले, "जे लागेल ते घेऊन जायला सांग. मी सिक्युरिटीला कळवतो." आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "पण बुश तुझ्या घरी कसा गेला?"

मी म्हणालो, रेंज जातेय. रेंज उत्तम होती.

इक्बालभाईंनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. मी त्यांना हॅण्ड ग्राइंडर, हिऱ्याचं छोटं व्हील, गॉगल आणि पाण्याची बाटली आणायला सांगितलं. ते "हां, हां" म्हणत होते. मग म्हणाले, "बुशची जाडी किती?"

"तीन मिलिमीटर."

"मग ठीक आहे. आलो साहेब," आणि फोन बंद.

इकडे मी हॉस्पिटलच्या संमतीपत्राच्या मागे ड्रॉइंग काढायला बसलो. व्हील फिरताना कडी तापणार, म्हणजे पाणी हवं. पाणी म्हणून सलाईनची बाटली टांगायची. कडी आणि कातडी यांच्यात पातळ पत्रा सरकवायचा. हात हलू नये म्हणून लाकडाचा फिक्स्चर. डॉक्टर वाकून बघत होत्या. "याला किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं. मी हिशेब केला. चाळीस मिनिटं. आणि मुलगी चाळीस मिनिटं हलता कामा नये. पाच वर्षांची. आम्ही दोघंही ओवीकडे बघायला लागलो. ती सुजलेलं बोट नाचवत आजीला सांगत होती की आता तिला दुखतच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या गेटवरचा गार्ड, जाधव.

"साहेब, इक्बालभाई टूल घिऊन चाललेत. गेट पास न्हाई."

"अरे, देशमुख साहेबांचा फोन आला नाही का?"

"आला की. पर तोंडी परवानगी चालत न्हाई. टूल बाहेर जायचं तर टूलरूम इनचार्जची सही लागती. तुमचंच सर्क्युलर हाय साहेब. हितं भिंतीवर लावलंय. वाचून दाखवू का?"

ते सर्क्युलर मी खरंच काढलं होतं. सहा महिन्यांपूर्वी एक मोजमापाचं उपकरण हरवलं म्हणून. शेवटची ओळ मला पाठ होती. कोणत्याही परिस्थितीत अपवाद केला जाणार नाही.

"जाधव, माझ्या मुलीचं बोट आहे रे."

"मला बी दोन पोरी हायेत साहेब. म्हणून तर लगेच फोन केला. तुमी कागदावर लिहा, सही करा, फोटो पाठवा. मी प्रिंट काढून रजिस्टरात चिकटवतो."

मी ड्रॉइंगच्या खाली मोकळी जागा शोधली. लिहिलं, सही केली, फोटो काढला. पुन्हा फोन.

"साहेब, कारण लिहिलं न्हाई."

"काय लिहू?"

"जे हाय ते."

मी कारणाच्या पुढे 'बोट' असं लिहून पुन्हा फोटो पाठवला. जाधवनं 'ओके सर' असं उत्तर दिलं. स्मितानं हे सगळं ऐकलं होतं. तिनं फक्त एक प्रश्न विचारला. "हा बुश तू घरी आणलास तेव्हा कुठला गेट पास होता?"

मी पुन्हा ड्रॉइंगवर वाकलो.

पंचवीस मिनिटांनी इक्बालभाईंची मोटरसायकल दारात आली. ते हेल्मेट काखेत घेऊन आत आले. दुसऱ्या हातात काही नव्हतं. मी त्यांच्यामागे मोटरसायकलकडे बघितलं.

"ग्राइंडर कुठंय?"

"आणला नाही." त्यांनी शर्टाच्या आतून एक पक्कड काढली. मागचा स्क्रू फिरवला की जबडा कमी-जास्त होतो आणि दाबली की जागच्या जागी लॉक होते, तशी. आम्ही तिला ग्रिप प्लायर म्हणतो. कुठल्याही गॅरेजमध्ये मिळते. "कार्बाइड आहे ना साहेब? कापायचं कशाला? फोडू."

मी खुर्चीत बसलो.

दरवर्षी टूलरूमला नवीन ट्रेनी येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना फळ्यावर शिकवतो. मटेरियल जेवढं कडक, तेवढं ठिसूळ. मऊ पोलाद दाबलं तर वाकतं, कार्बाइड वाकत नाही. दाब वाढवत गेलं की ते सरळ फुटतं. हातातून पडलेल्या कार्बाइडचे तुकडे कितीदा मी स्वतः झाडून काढलेत. पण माझ्या मुलीच्या बोटात अडकलं, तेव्हा त्याचा कडकपणा तेवढा मला आठवला. ठिसूळपणा नाही.

"बोटाला दाब लागेल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही मॅडम. कडी दबतच नाही. एक तर जशीच्या तशी राहील, नाहीतर फुटेल. बोटापर्यंत काही जाणार नाही. फक्त तुकडा उडायला नको. ओला कपडा द्या, आणि बेटीचे डोळे झाका."

डॉक्टरांनी कडीवर पक्कड बसेल एवढी जागा आहे का ते पाहिलं, विचार केला, आणि ओला गॉझ आणला. सगळं जमलं होतं. आणि तेव्हा ओवी रडायला लागली. दरवाजात हात सापडल्यावर रडली नसेल एवढी.

"माझी अंगठी फोडू नका."

आईनं समजावलं. स्मितानं समजावलं. मी म्हणालो की मी तुला दुसरी आणून देईन, तेव्हा स्मितानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

इक्बालभाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "बेटा, ही अंगठी माझीच आहे. मीच घासून बनवली. तीन दिवस लागले. मग तुझ्या पप्पांनी सांगितलं, चुकली, दोन मायक्रॉन मोठी झाली. मला इतका राग आला होता. आज मीच फोडणार. तू मोजायचं. पक्कड वाजली की एक आकडा. मोजता येतं ना?"

"शंभरपर्यंत येतं," ओवी हुंदका देत म्हणाली.

"शंभर नको. दहा बस."

त्यांनी पक्कड कडीवर फक्त टेकेल एवढी लावली, लॉक केली, सोडली. स्क्रू किंचित आवळला. पुन्हा लॉक केली, सोडली. कपड्याखालून ओवीचा आवाज यायचा. एक. दोन. तीन. मी टूलरूममध्ये शंभर टनाच्या प्रेसखाली हात घालून सेटिंग केलंय, पण त्या खोलीत मी पक्कडीकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. पाच. सहा. डॉक्टरांचं बोट ओवीच्या नाडीवर. आई पुटपुटत होती. स्मितानं माझा दंड धरला होता, बहुतेक स्वतःच्या आधारासाठी, पण नखं माझ्यासाठी होती.

आठव्याला 'टक्' असा आवाज झाला. काच तडकल्यासारखा.

इक्बालभाईंनी पक्कड बाजूच्या अंगाला लावली, पुन्हा एकदा दाबली, आणि कडीचे तीन तुकडे गॉझमध्ये पडले. बोटावर गोल पांढरा वळ. बघता बघता तो गुलाबी झाला. मग लाल.

"नऊ," ओवी म्हणाली. "दहा राहिला."

इक्बालभाईंनी हवेतच एकदा पक्कड वाजवून दहा पूर्ण केला.

एक्स-रेत हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली आणि म्हणाल्या की दरवाज्याचा दाब कडीनंच झेलला असणार, नाहीतर बोट मोडलंच असतं. टोकाशी फाटलेल्या कातडीला दोन टाके घातले. नख जाईल, नवीन येईल, असं सांगितलं. कडीनं बोट वाचवलं हे वाक्य मी स्मिताला दोन दिवसांत तीनदा ऐकवून पाहिलं. फायदा झाला नाही. बुश मी आणला होता आणि दरवाजा मीच लावला होता.

आम्ही परत फिरणार होतो, पण ओवी म्हणाली तिला गाय बघायची आहे. डॉक्टर म्हणाल्या, जा, फक्त हात वर ठेवा. इक्बालभाईंना मी जुन्नरला चला म्हणालो. त्यांनी घड्याळ पाहिलं. "ओव्हरटाइम चालू आहे साहेब," म्हणाले आणि गेले. पुढचे तीन दिवस ओवी ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करून शेतभर हिंडली. गायीसुद्धा थांबायच्या. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं तेव्हा तिला सलामी द्यायला हात बदलावा लागला.

रविवारी कामावर गेलो. देशमुख साहेबांनी आधी मुलीची चौकशी केली, मनापासून केली. मग टेबलावरून एक फॉर्म माझ्याकडे सरकवला. आमच्याकडे काहीही बिघडलं की तो भरावा लागतो. 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा आणि मूळ कारणापर्यंत जायचं.

मी भरला. बोट का अडकलं, बुश होता म्हणून. बुश का होता, घरी आणला म्हणून. का आणला, भंगारात टाकवला नाही म्हणून. गेटवर का अडला नाही, इनचार्जची बॅग कुणी तपासत नाही म्हणून. पाचव्या 'का'समोर मी माझं नाव लिहिलं. देशमुख साहेबांनी वाचलं, सही केली आणि म्हणाले, "इतका प्रामाणिक फॉर्म या प्लान्टमध्ये पहिल्यांदा आलाय. ट्रेनिंगला वापरू."

वापरतात. नाव झाकून वापरतात, पण सगळ्यांना माहीत आहे.

आता रिजेक्ट झालेलं कार्बाइड कुलूपबंद पेटीत जातं आणि किल्ली इक्बालभाईंकडे असते. जाधव रोज माझी बॅग उघडून बघतो, डब्याच्या कप्प्यासकट, आणि बघून झाल्यावर सॅल्यूट ठोकतो. आणि कुठल्याही गाडीचा दरवाजा लावण्याआधी मी "हात" असं ओरडतो, मग आतले सगळे दोन्ही हात वर करून दाखवतात. परवा कंपनीच्या गाडीत एका मोठ्या कस्टमरचे दोन साहेब होते. त्यांनीही केले. का, ते विचारलं नाही. कारखान्यात भिंतीवर जेवढे म्हणून नियम लावलेले असतात, त्या प्रत्येकामागे कुणाचं तरी बोट असतं, हे त्यांनाही माहीत असावं.