उघड्यावरचा बुद्ध

"ह्याच्या डोक्यावर छप्पर काऊन नाही?" मलकापूरच्या बसमध्ये शेजारची बाई पुटपुटली. तिच्या मांडीवर बियाण्याच्या दुकानातून मिळालेलं, जपानच्या चित्रांचं कॅलेंडर होतं. बस आदळली की ती कामाकुराच्या बुद्धावर चिरलेल्या बोटांचा तळवा ठेवायची.

चित्राखालचं इंग्रजी वाचून मी हळूच सांगितलं, "मंदिर समुद्राच्या लाटेत गेलं. मूर्ती राहिली."

"आमची बीटी कापसाची पऱ्हाटी बोंडअळीनं नेली. आम्ही राह्यलोच ना," ती हसली. "यंदा पुन्हा पेरू. तू कुठं चालली वं माय?"

जपानला शिकायला जाण्याचा अर्ज माझ्या पिशवीत होता. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. 'मलकापूर' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मावशी," मी म्हणाले, "मले जपानले जायचं आहे."