नागपुरात बिनतुपाच्या ताटाच्या शोधात

वडिलांनी मला चार दिवस दिले होते. चार दिवसांत नलिनीच्या दोन वेळच्या जेवणाची सोय लागली तर ती नागपुरात राहणार. नाही लागली तर नोकरीवर पाणी सोडून माझ्याबरोबर नाशिकला परत येणार. हे ती स्वतः कबूल करून निघाली होती, म्हणून मीही निघालो.

गेल्या महिन्यात एका वाचक बाईंनी विचारलं, "नागपूरला चालले आहे. व्हीगन जेवण कुठे मिळेल?" त्यांना चार ओळींचं उत्तर लिहायला बसलो आणि हा सत्तरच्या दशकाच्या शेवटचा प्रवास आठवला. तेव्हा व्हीगन हा शब्द आमच्या कानावरून गेलेला नव्हता. आमच्या घरी त्याला 'नलूचं खूळ' म्हणत.

नलिनी माझी धाकटी बहीण. आमच्या घरामागे म्हशींचा गोठा होता. एका म्हशीचं रेडकू मेलं, तेव्हा गवळ्यानं त्याच्या कातड्यात पेंढा भरला आणि ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. नलूनं आठवडाभर हे खिडकीतून पाहिलं आणि दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं सोडलं. भाषण नाही, वाद नाही. चहा कोरा घ्यायला लागली, एवढंच. दोन वर्षांनी तिला नागपुरात धंतोलीतल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

आम्ही गुरुवारी सकाळी नागपूर स्टेशनवर उतरलो. डिसेंबर होता. नाशिकची थंडी आम्हाला ठाऊक होती, पण इथली थंडी कोरडी होती, ओठ फुटत होते. स्टेशनबाहेर संत्र्यांच्या टोपल्या आणि पोह्यांच्या गाड्या. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. नलूनं गाडीवाल्याला विचारलं, "यात काय काय आहे?"

"हरभरा, तेल, मसाला. अन् थोडी हिंमत लागते, बाई."

तिनं दोन प्लेटा खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा खुलला. मला वाटलं, काम सोपं आहे. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: नागपूरची न्याहारी माणसाला फसवते, पुढचं जेवणही तसंच सहज मिळेल असं वाटायला लावते.

नलूसाठी पाहिलेली खोली शाळेपासून दहा मिनिटांवर होती. स्वच्छ, हवेशीर, भाडंही परवडणारं. पण घरमालकीण बाईंची अट होती की खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही. आधीच्या भाडेकरणीचा स्टोव्ह भडकून पडदा जळाला होता. त्यामुळे जेवायला बाहेर जाणं आलंच.

दुपारी आम्ही सीताबर्डीवरच्या एका भोजनालयात गेलो. दारावर ठळक अक्षरांत 'शुद्ध तुपातील शाकाहारी भोजन'. मी मालकांना नीट समजावलं की बहिणीला दूध, दही, ताक चालत नाही. मालक गल्ल्यावरून उठले, स्वतः आत जाऊन सांगून आले. ताट आलं. कढीची वाटी खरंच काढून टाकली होती. नलूनं भातावर वरण घेतलं आणि वाढपी मागून आला. "घ्या बाई," म्हणत त्यानं पळीभर तूप ओतून टाकलं.

"अहो, तूप नको म्हणून सांगितलं होतं ना!" मी म्हणालो.

मालक गल्ल्यावरून म्हणाले, "तुम्ही दूध म्हणाले, दही म्हणाले, ताक म्हणाले. तूप काहून नाही म्हणाले? तूप म्हणजे का दूध हाय?"

"दुधापासूनच होतं."

"अन् दूध गवतापासून होते. मंग गवताचंही नाही चालत का?" सगळं भोजनालय हसलं. नलूही हसली. मग मालक जरा पुढे वाकून हळू आवाजात मला म्हणाले, "तब्येत ठीक नाही का बाईची?"

तब्येतीचा हा प्रश्न आम्ही दोन दिवसांत इतक्यांदा ऐकला की शुक्रवारी संध्याकाळी मलाच नलू आजारी वाटायला लागली. शुक्रवारी आम्ही सीताबर्डीपासून जुन्या महाल भागापर्यंत पायी फिरलो. रिक्षा मिळते, पण या शहराच्या खाण्याचा अंदाज पायीच येतो. एका ठिकाणी पोळीची कणीक दुधात भिजवत. एका ठिकाणी भाजीत साय. एका ठिकाणी सगळं तेलातलं होतं, पण बाई एकट्या जेवायला येणार म्हटल्यावर मालकानं मान हलवली. मी प्रत्येक ठिकाणी उभा राहून सांगत होतो: एखादी भाजी तेलात करा, एखादं वरण वेगळं काढा, गिऱ्हाईक वाढेल. मी तेव्हा बातमीदार होतो, सल्ले द्यायची सवय. लोक शांतपणे ऐकत. एक जण ऐकून झाल्यावर म्हणाला, "साहेब, इथं मानूस घरी कोरडं खाते अन् हॉटेलात तूप खायले येते. अन् तुम्ही म्हणून राहिले, तूप काढा!"

शेवटी कुणीतरी म्हणालं, तूप नको तर सावजीकडे जा, तिथे तेलच तेल. सावजी हे इथल्या विणकर कोष्टी मंडळींचं जेवण, जवसाच्या तेलातलं. ते मटणासाठी प्रसिद्ध आहे, पण बेसनाच्या पाटोड्यांचा रस्साही तिथे मिळतो. महालातल्या एका सावजी भोजनालयाच्या मालकानं आमचं म्हणणं ऐकलं, हातातली पळी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई मटन खात नाही?"

"नाही."

"मंग जेवू नका. रस्से दोन हाय, पण पळी एकच फिरते. खोटं काहून बोलू?"

तूप न घालणारी दुसरी जागा सापडली होती आणि तिथला माणूस आम्हाला प्रामाणिकपणे परत पाठवत होता. त्या रात्री नलूनं संत्री आणि भाजलेले शेंगदाणे खाल्ले. म्हणाली, "दादा, बाबांना उद्याच कळवून टाकायचं का?" तिनं असं विचारण्याची ती पहिलीच वेळ.

मी म्हटलं, उद्या काटोल पाहून येऊ. शनिवार होता आणि संत्र्यांच्या बागा बघायच्या राहिल्या होत्या. खरं तर मला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं.

गणेशपेठेतून एसटी सुटते. दोन तास लागतात. शहर मागे पडलं की आधी तुरीची आणि कापसाची शेतं, मग बागा. झाडं अंगभर फळांनी वाकलेली, फांद्यांना बांबूचे टेकू. काटोलच्या बाजारात संत्र्यांचे ढीग जमिनीवर मांडलेले. व्यापारी एक फळ उचलतो, अंगठ्यानं दाबतो आणि सबंध ढिगाचा भाव सांगतो. वासानं डोकं धुंद होतं. आजही गेलात तर बाजार सकाळी गाठा, दुपारी नुसती सालं उरतात.

परतीच्या गाडीत नलूशेजारी पन्नाशीची एक शेतकरीण बसली. गाडी हलताच तिनं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कांदा. तिनं अर्धी भाकर मोडून नलूपुढे धरली. नलूनं सवयीनं विचारलं, "याला तूप नाही ना लावलेलं?"

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "तूप? माय वं! दोन म्हशी हायेत मले. सकाळचं दूध डेअरीले जाते, संध्याकाळचंही जाते. आमाले कुठचं तूप? तुले पायजे का?"

"नाही, नकोच आहे."

मग नलूनं तिला सगळं सांगितलं. गोठा, रेडकू, नोकरी, दोन दिवसांची वणवण. बाई हसली. इतकी हसली की पुढच्या बाकावरची माणसं वळली. "म्हंजे आमी जे रोज खातो ते खायले तू मास्तरीण होऊन नागपूरभर फिरून राहिली!" मग डोळे पुसून म्हणाली, "माही बहीण हाय, मैना. एसटी स्टँडामागं खानावळ हाय तिची. तिले जाऊन म्हण, सखूनं पाठवलं."

स्टँडवर उतरून आम्ही सरळ तिकडेच गेलो. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, दोन लांब सतरंज्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर. जेवणारे म्हणजे एसटीचे चालक, वाहक आणि खेड्यांतून शिकायला आलेली मुलं. मैनाबाई चाळिशीच्या, कमरेला पदर खोचलेल्या. सखूचं नाव ऐकून त्यांनी आम्हाला बसवलं, पण मागणी ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"वेगळं ताट? जमनार नाही."

नलूची नजर चुलीकडे गेली. कोपऱ्यात छोट्या पातेल्यात काहीतरी शिजत होतं. "ते काय आहे?"

"ते माह्यं हाय. सोले-वांगे." सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. डिसेंबर-जानेवारीत मिळतात.

"त्यात तूप?"

"माह्या जेवनात कुठचं तूप येते? तूप गिऱ्हाइकाले."

"मग मला तेच द्या. पैसे बाकीच्यांइतकेच घ्या."

मी मध्ये पडलो. भाकर स्वस्त पडेल, फायदा होईल, असं काहीसं बोललो. मैनाबाईंनी मला हातानंच थांबवलं.

"भाऊ, फायदा राहू द्या. माह्या मायले लग्नाच्या पंगतीत वेगळं बसवत. वेगळ्या पानावर, लांबून टाकत. छप्पनच्या साली बापानं दीक्षा घेतली, तवा मी सोळा-सतराची होती. खानावळ घातली त्या दिवशी मायनं मले एकच सांगतलं. इथं कोनाले वेगळं वाढू नको. ड्रायव्हर येवो, मास्तर येवो. ताट एक." मग नलूकडे वळून, जरा मऊ आवाजात: "तुले मी बिनतुपाचं वाढलं तं लोक म्हनतील, मैनाबाईनं ताटात भेद केला. माह्याच हातानं नाही होनार ते, बाई."

दोन दिवस जे मुद्दे मी हॉटेलवाल्यांपुढे मांडले होते, ते सगळे गिऱ्हाइकाचे आणि नफ्याचे होते. इथे गोष्टच वेगळी होती. नलू उठली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." मनापासून म्हणाली. चपला घालायला लागली.

आम्ही दारात असताना मागून आवाज आला. "उद्या दुपारी ये वं. बारा वाजता. मले इचार करू दे."

रविवारी बाराला आम्ही सतरंजीवर बसलो. पंधरा-वीस माणसं होती. ताटं आली. सगळ्यांना तीच सोले-वांग्याची भाजी, पोळीबरोबर एकेक भाकर, वरणाला तेलाची फोडणी. आणि तूप? मैनाबाईंनी तुपाचं भांडं चमच्यासकट आणून सतरंजीच्या मधोमध ठेवलं. "आजपासून मी वाढनार नाही. ज्याले पायजे त्यानं घ्या."

मग एक जाडजूड चालक म्हणाला, "मैनाबाई, तूप आमच्या हाती? दिवाळं काढाचं हाय का?"

"तुह्या पोटाले पाहून मीच कमी वाढत होती, गजानन. आता तुह्यं तू पाहा."

त्यानं दोन चमचे घेतले, तिसरा भरला, आजूबाजूला पाहिलं आणि मुकाट्यानं परत ठेवला. भांडं पुढे सरकत गेलं. ते नलूपाशी आलं. तिनं उचललं आणि शेजारच्या कॉलेजच्या मुलापुढे ठेवलं. कुणी तब्येत विचारली नाही. कुणाचं लक्षच नव्हतं. दोन माणसं मात्र भाकर पुन्हा मागत होती आणि एक वाहक म्हणत होता की हे घरच्यासारखं लागतं, इतके दिवस काहून लपवून ठेवलं?

मैनाबाई चुलीपाशी उभ्या राहून भांड्यात किती तूप उरलं ते बघत होत्या. ते त्यांना परवडणार की नाही हे त्या दिवशी त्यांनाही माहीत नव्हतं. नलूनं महिन्याचं ठरवलं. मी संध्याकाळच्या गाडीनं एकटा निघालो.

त्या वाचक बाईंसाठी: सावजीत जाल तर पळीबद्दल विचारा, ते खरं सांगतात. दूध, दही, ताक, लोणी आणि तूप ही पाचही नावं स्वतंत्र घ्या. सोल्यांच्या दिवसांत जा. आणि 'काय काढून टाकता येईल' असं विचारण्यापेक्षा 'तुम्ही स्वतः काय जेवता' असं विचारा. हे नलूला सुचलं, मला नाही. मैनाबाईंची खानावळ पुढे बरीच वर्षं चालली, तुपाचं भांडं मधोमधच राहिलं. आता तिथे दुकानं आहेत.

घरी पोचलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. मी एकटाच रिक्षातून उतरलो हे त्यांनी पाहिलं, तरी विचारलं, "लागली सोय?"

"लागली."

"रोजची?"

"रोजची. दोन्ही वेळची."

ते ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "म्हणजे येत नाही ती." तेव्हा माझ्या लक्षात आलं की अट घालताना त्यांना तिच्या तब्येतीची काळजी कमी आणि ती परत यावी ही आशाच जास्त होती.

आई दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला सोले-वांग्यांबद्दल सांगितलं. गेली दोन वर्षं नलू आमच्याच घरात तूप लावायच्या आधीची पोळी उचलून लोणच्याशी खात होती आणि आमच्यापैकी कुणी तिच्यासाठी म्हणून काही शिजवलं नव्हतं. आईनं विचारलं, "सुट्टीला येईल ना? ती भाजी नीट सांग मला. दाणे आधी वाफवायचे की तसेच ठेचायचे?"

मला सांगता येईना. चार दिवस मी लोकांना काय घालू नका ते सांगत होतो. मैनाबाईंच्या चुलीजवळ जाऊन एकदाही पाहिलं नव्हतं.

आईनं आतून पोस्टकार्ड आणून माझ्यापुढे ठेवलं. "तिलाच विचार," म्हणाली. "आणि तेल कोणतं, तेही लिही."