दुकानांपुढचा व्हरांडा

माझ्या यजमानांनी आयुष्यात एकच इमारत स्वतःच्या मनासारखी बांधली. ते एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नकाशे काढत. घरं, दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळं दुसऱ्यानं सांगितलेलं. प्रताप नगरकडे वस्ती वाढू लागली तेव्हा एका शेठजींनी तिकडे दुकानांची ओळ बांधायची ठरवली. मोठ्या साहेबांना त्या किरकोळ कामात रस नव्हता, म्हणून ते ह्यांच्याकडे आलं.

जागेचं तोंड पश्चिमेला होतं. नागपुरात याचा अर्थ काय, ते इथं एक उन्हाळा काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून आत झोपतात आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ह्यांनी दुकानं रस्त्यापासून मागे घेतली आणि पुढे खाट आडवी टाकता येईल एवढा रुंद व्हरांडा काढला. मागे मोकळं अंगण ठेवलं, त्यातले दोन जुने कडुलिंब राखले, आणि प्रत्येक दुकानाच्या मागच्या भिंतीत उंचावर एक खिडकी दिली. लिंबाखालची हवा खिडकीतून आत येईल आणि व्हरांड्यातून बाहेर पडेल. हे त्यांनी मला जेवताना, ताटात भाताच्या भिंती करून समजावलं होतं. वरण कुठून वाहील ते दाखवताना भात निवला.

आमच्या घरी नकाशा पाहून शेठजी म्हणाले, "साहेब, तुम्ही बाजार बांधून राहिले का धर्मशाळा? या व्हरांड्याचं भाडं कोण देईल मले?"

"दुकानंच देतील. मे महिन्यात भर दुपारी गिऱ्हाईक कुठं आलंच, तर याच बाजारात येईल."

"अन् नाही आलं तं?"

"तर मी येऊन उभा राहीन."

"पाहा हं साहेब. रोज एक धोतर घ्यावं लागंल!" शेठजी हसले आणि हो म्हणाले. त्यांचं हसणं मला अजून ऐकू येतं. ते वाईट माणूस नव्हते.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही मुद्दाम दुपारी गेलो. बाहेर लू वाहत होती. व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि डोळे आपोआप उघडले. रिक्षावाले भिंतीला टेकून झोपले होते, बसची वाट पाहणाऱ्या बाया पोरांना घेऊन बसल्या होत्या, आणि दुकानं उघडी होती. हे एका दुकानात शिरले, मागच्या भिंतीपाशी हात वर धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "ये, इथं हात धर." हवा येत होती. थंड नव्हती, पण बाहेरच्यासारखी भाजणारीही नव्हती. दुकानदार आम्हा दोघांकडे पाहत राहिला.

दुसऱ्या वर्षी कोपऱ्यावरच्या कापडवाल्यानं आपलं फळ्यांचं कपाट व्हरांड्यात आणलं. मग त्याला पत्र्याचा आडोसा केला, मग विटांची भिंत. त्याचं दुकान पुढे आलं तसं शेजाऱ्याचं दुकान रस्त्यावरून दिसेना. मग शेजारी पुढे आला. हे त्यांच्याशी बोलायला गेले, तेव्हा मी बरोबर होते.

कापडवाला म्हणाला, "साहेब, हवा तुमची एकदम मस्त आहे. पण गल्ल्यात पडत नाही ना ती!" आजूबाजूचे सगळे हसले. "लोकं येतात, बसतात, पाणी मांगतात, अन् कापड पलीकडच्या दुकानातून घेऊन जातात. आम्ही काय सावली विकावी?"

"पण ऊन थेट आत येईल हो. मग काय कराल?"

"कूलर लावू ना. कूलर कशासाठी आहे?"

शेठजींकडे गेलो तर त्यांनी वाढलेल्या जागेचं भाडं ठरवूनही टाकलं होतं. "त्यांनीच मांगितली जागा. मी काहून नाही म्हणू?"

त्यानंतर हे दर रविवारी जाऊन पाहून येत. मी म्हणे, नका जाऊ. ते येऊन एवढंच सांगत, आणखी एक पुढं आलं. अखेर व्हरांडा उरलाच नाही. मग शेठजींना गोदामाची गरज पडली. लिंब तोडून अंगणात टिनाची गोदामं उभी राहिली. खिडक्या आता तापलेल्या टिनाकडे उघडत, म्हणून दुकानदारांनी त्या फळ्या ठोकून बंद केल्या. बंद खोलीत कूलर लावला की हवा नुसती दमट होते, अंगाला चिकटते. एकानंही दुष्टपणा केला नाही. मला कोणावर रागावताही आलं नाही, आणि हेच मला सगळ्यात जड जातं.

ह्यांना तसं काम पुन्हा मिळालं नाही. मिळालं असतं तरी त्यांनी घेतलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. कचेरीत दर्शनी भागाला काचा लावायची मागणी वाढली होती आणि ते काही न बोलता तसे नकाशे काढत होते. पुढे ते हृदयविकारानं गेले. त्या मरणात मी त्या बाजाराला ओढणार नाही. पण ते गप्प आधीच झाले होते.

ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात उशीचे अभ्रे घ्यायला मी त्या बाजारात गेले. दुकानदार तरुण होता, नवा होता. म्हणाला, "बसा काकू, कूलरसमोर बसा. गरमी होऊन राहिली ना? ही बिल्डिंगच बेकार आहे. कोणं बांधली का मालूम, दिमागच नव्हतं त्याले. हवेले जागाच नाही ठेवली."

"मागे खिडकी आहे," मी म्हणाले.

"कुठं?"

मी बोट दाखवलं. तो स्टुलावर चढला, टॉवेलचे दोन गठ्ठे काढले आणि फळीवर टकटक केलं. "अरे, खरंच आहे ना! तुमाले कसं मालूम काकू?"

"माझ्या यजमानांनी काढली होती ही इमारत."

तो खाली उतरला. "माफ करा काकू. मी आपलं असंच बोललो." मग जरा हुशारून म्हणाला, "मग साहेबाले घेऊन या ना एक दिवस. काहीतरी इलाज सांगतील."

"ते गेले. या पौषात."

पुन्हा स्टुलावर चढून त्यानं ते गठ्ठे जागच्या जागी ठेवले, कडा जुळवल्या. "उघडली तरी मांगं टिनच आहे ना काकू," तो हळूच म्हणाला. "अन् हा माल कुठं ठेवू?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी अभ्रे घेतले. पैसे देताना त्यानं कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं, आणि ती ओलसर हवा मी थोडा वेळ अंगावर घेतली, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

बाहेर पायरीपासूनच ऊन होतं. दुकानाच्या पाटीची अरुंद सावली जमिनीवर पडली होती. एक बाई रिक्षाची वाट पाहत उभी होती. सावली एकापुरतीच होती. तिनं पोराला तिच्यात उभं केलं होतं आणि स्वतः पदर डोक्यावर ओढून उन्हात थांबली होती.