कमी ढेकरांची गाय

आमच्या प्रोजेक्टवरच्या माणसाला कधी पंगतीला बसवू नये. किस्से सुरू झाले की थांबत नाहीत, आणि सगळे ढेकरांचे! काय करणार, कामच तसलं. गाय रवंथ करते, ढेकर देते, त्यातून मिथेन गॅस सुटतो आणि हवा तापते. म्हणून दूध भरपूर पण ढेकर कमी अशा गाई शोधायच्या आणि त्यांचे खोंड वळू म्हणून वाढवायचे, म्हणजे पुढची पिढी कमी ढेकरांची. जनावरांची डॉक्टर झाले आणि ढेकर मोजत सातारा-सांगली फिरतेय.

*

पहिलाच गोठा फलटणजवळचा. मी आणि आमचं मशीन सांभाळणारे रफिकभाई पोचलो. गॅस मोजणार म्हटल्यावर निम्मं गाव नाकाला रुमाल लावून गाईच्या मागं उभं!

रफिकभाई म्हणाले, "मंडळी, म्होरं या. गॅस तोंडातनं येतो."

एक आजोबा हलायलाच तयार नाहीत. "तुमी बघा म्होरनं. आमाला अनुभव हाय."

*

मशीन म्हणजे लेसरची बंदूकच. नाकापुढं धरली की आकडा येतो. वाईकडच्या एक वहिनी ते टक लावून बघत होत्या. नवरा ओट्यावर मिसळ चापत बसलेला.

"मॅडम, जरा ह्यांच्यावर पण धरा की."

नवरा वाटीसकट उसात पळाला.

*

उंब्रजचे सुभेदार फौजेतून रिटायर झालेले. त्यांची राणी दुधाला लय भारी आणि मिथेनला सगळ्यात कमी. शिवाय नुकताच खोंड झालेला. मी आनंदानं बोलून गेले, "सुभेदार, तुमची राणी ढेकरच देत नाही हो फारसा!"

सुभेदारांचा चेहरा पडला. "म्हंजे आमी तिला उपाशी ठिवतो?"

मी लाख समजावलं. व्यर्थ. "खोंड खच्ची करून गाडीला जुंपीन, पर तुमाला देणार न्हाई."

मला रडूच आलं. असली गाय दुसरी सापडलीच नव्हती. हा खोंड गेला असता तर आमची सगळी मेहनत पाण्यात.

*

दुसऱ्या दिवशी सुभेदारांचाच फोन. राणीला मका, पेंड, कडबा असं भरपेट घातलं होतं. "आता मोजा."

मोजलं. आकडा तसाच कमी.

सुभेदार राणीला म्हणाले, "लाज काढलीस गं माझी."

*

खोंडाचं दूध तुटलं तरी सुभेदार बधेनात. शेवटी पुण्याहून आमचे मोठे साहेब स्वतः मागणी घालायला आले. एकदम सभ्य माणूस. सुभेदारीणकाकूंनी रस्सा-भाकरी वाढली. साहेब पोटभर जेवले, हात धुतले, रुमालानं ओठ टिपले.

सुभेदार म्हणाले, "जेवान आवडलं न्हाई वाटतं."

"छे, छे, फारच छान होतं."

"मग आवाज न्हाई आला."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खोंडाकडं बघितलं. साहेबांनी डोळे मिटले आणि असा ढेकर दिला की राणी रवंथ करायची थांबली. रफिकभाईंच्या हातातलं मशीन चालूच होतं, ते ट्यांव ट्यांव ओरडायला लागलं.

सुभेदारांनी चष्मा लावून आकडा वाचला. मग उठले, खोंडाचं दावं सोडलं आणि माझ्या हातात दिलं.

"खोंड फिट हाय, घिऊन जा. साहेब अनफिट."