पुढचं सांगणारा

नगरच्या थिएटरात शेजारी बसलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, कारण पहिल्या दहा मिनिटांतच त्यानं माझं डोकं फिरवलं होतं. सिनेमा एका पहिलवानाच्या आयुष्यावरचा. त्याची फजिती बघून सगळे हसत होते आणि हा मात्र मांडीवर थाप मारून पुढचं आधीच सांगत होता. “आता ह्यो पिऊन आखाड्यात येनार.” तो आला. “आता वस्तादावर हात उगारनार.” उगारला.

“तुम्ही पाहिलाय ना सिनेमा? मग आम्हाला तरी बघू द्या,” मी वैतागून म्हणालो.

“पयल्यांदाच बघतोय,” तो म्हणाला.

मध्यंतरात दिवे लागले, तेव्हा त्याचे कान दिसले. कुस्त्या खेळून मोडलेले, चुरगळलेले. सिनेमा पुन्हा सुरू झाला. तो कसला गप्प बसतोय. “आता बायकापोरं सोडून जानार.” गेला.

शेवटी पहिलवान घरी परततो. बायको दार उघडते, चार शिव्या घालते आणि ताट वाढते. या वेळी शेजारून अवाक्षर आलं नव्हतं.

“हे नाही सांगितलंत ते?” मी खवचटपणे विचारलं.

पडद्यावर नावं सरकत होती. तिकडंच बघत तो म्हणाला, “ह्ये मला म्हाईत न्हवतं.”