गियरच्या दांड्याचा कैवारी

नांदेडात ऑटोमॅटिक गाड्यांच्या गियरचे सुटे भाग विकणाऱ्या या गृहस्थाला ऑटोमॅटिक गाडीचाच तिटकारा. "गेर टाकायचाच न्हाई तर गाडी कशाला? पलंग घ्या की साहेब!" हे ऐकवल्याशिवाय तो पार्ट देत नाही.

माझ्या गाडीचा दांडा पार्किंगवरच अडकला, तेव्हा मीही ऐकून घेतलं. त्यानं दांड्याखालचा झिजलेला बुश बदलला आणि ट्रायलला स्टिअरिंगवर बसताना डाव्या पायाची मांडी घातली.

"हे काय?"

"सवय वंगाळ हाय. पाय क्लच समजून ब्रेक दाबतोय. मागल्या खेपेला गिऱ्हाईक काचंला चिकटलं."

मी मुकाट्यानं पट्टा लावला. आयटीआयच्या सिग्नलला गाडी अलगद थांबली. त्याचा डावा हात मात्र दांडा कुरवाळत राहिला होता.

"बिचाऱ्या," तो दांड्याला म्हणाला, "तुला बी कामच न्हाई ठेवलं ह्या लोकांनी."