घोगऱ्या गळ्याचं पहिलं गाणं

गाण्याच्या क्लासातल्या पोरींनो, पुण्यात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या उडून गेलेल्या सगळ्याजणींनो, २००९ साली विमानतळावर मी तुमच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. स्वरयंत्रावरच्या गाठी नुकत्याच काढल्या होत्या, डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केली होती. आई मात्र सारखी बजावत होती, "घसा जप गं. गळा गेला तर तुझ्याकडे उरणार काय?" राग आला होता मला. पण भीती माझीही तीच होती.

पोर्टलीश या परदेशी गावात नवऱ्याची हॉस्पिटलात नोकरी. पहिल्याच आठवड्यात मी आमटीला फोडणी घातली आणि छतावरचा स्मोक अलार्म असा कोकलला, की मी त्याच्या वरताण किंचाळले. झालं! गाता गळा गेला आणि हा घोगरा आवाज राहिला. पेटी मी प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, कोंबून ठेवली. पुढे काही वर्षं बाथरूममध्येसुद्धा गुणगुणले नाही.

मग शेजारच्या नोरीनचा साठावा वाढदिवस आला. आई तेव्हा इकडेच होती. इथे चार माणसं घरी जमली की एकेकानं गायचं असतं. माझं नाव पुकारल्यावर मी घशाकडे बोट दाखवलं, तर नोरीननं वेल्सच्या एका गायिकेची कथाच सांगितली. खाणकामगाराची मुलगी, क्लबांतून गात वर आलेली. तिच्याही गळ्यात गाठी, तिलाही बोलायला बंदी. वैतागून एकदा किंचाळली आणि आवाज कायमचा घोगरा झाला. त्याच आवाजावर तिनं जग जिंकलं, आणि अजून स्टेज गाजवतेय म्हणे! अय्या, म्हणजे मी एकटीच नव्हते तर!

गायले. क्लासात शिकलेलं पहिलं भावगीत. पण एक 'वा' नाही, कुणी मान डोलवेना, सगळे जमिनीकडे बघत बसलेले. मेले, म्हटलं, आईचंच खरं. कडव्यातच थांबले.

"का गं थांबलीस?" नोरीन कळवळून म्हणाली. "आम्ही ऐकतोय ना!" गाणाऱ्यापुढे हूं की चूं करायचं नाही, हीच इथली दाद. मला इतकं हुश्श झालं की उरलेलं गाणं रडत रडतच म्हटलं. मग टाळ्या पडल्या.

पुढचं नाव गाऊन झालेल्यानं घ्यायचं असतं. मी आईचं घेतलं.

"इश्श! माझा कुठला मेला आवाज!"

"गा गं आई. आपल्याकडे चालतं."

पोर्टलीशला मी 'आपल्याकडे' पहिल्यांदाच म्हणाले होते.